लुट्झ आणि मागचा कोपरा

हिलेवी ओस्लुंडला पडण्याची भीती कधीच वाटली नव्हती. स्वीडनमधल्या क्रामफोर्स गावच्या बर्फाच्या रिंकवर, स्केटिंग करताना, ती पाच वर्षांची असल्यापासून पडत आली होती. कोपरं, गुडघे, हनुवटी, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. तिची मम्मा एवा-ब्रिट शेजारणींना सांगायची, "आमच्या पोरीचा मूळ रंगच जांभळा आहे." भीती आली ती वेगळ्याच वाटेनं, आणि ती आली तेव्हा हिलेवी सोळा वर्षांची होती.

त्या वेळी तिच्याकडून सगळ्यांच्या अपेक्षा होत्या. संध्याकाळी रिंक हॉकीवाल्या पोरांचा, त्यामुळे स्केटिंगच्या मुली पहाटेच बर्फावर उतरत. बाहेर काळोख, आत दिव्यांचा पांढरा उजेड, आणि कठड्याशी कॉफीचा थर्मास घेऊन उभी असलेली गुनवोर. गुनवोर लिदमान साठीला आली होती, गावातल्या तीन पिढ्यांना तिनं शिकवलं होतं आणि कौतुक करायची तिला सवय नव्हती. पण हिलेवीच्या लुट्झबद्दल ती म्हणायची, "ही उडी मी शिकवलेली नाही. ही तिची तिलाच आली."

लुट्झ ही उलट्या वाटेची उडी. पाठ पुढे करून एका पायावर लांबच लांब घसरत रिंकच्या कोपऱ्याकडे जायचं, मग दुसऱ्या पायाचं टोक बर्फात रोवून हवेत फिरायचं. मागचं दिसत नाही. आधी एकदा नजर टाकायची, जागा मोकळी आहे ना बघायचं, आणि मग विश्वासानं जायचं. हिलेवीला त्या आंधळ्या घसरणीतच खरी मजा वाटायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्पीकरवर तिचं संगीत चालू होतं. ज्याचं संगीत त्याला वाट द्यायची, हा सगळीकडचा नियम. तेरा वर्षांची सागा हेडेन कठड्याशी उभी राहून हातमोजा नीट करत होती. टोपीखाली तिच्या कानांत तिचंच वेगळं गाणं वाजत होतं. हिलेवीनं मागे बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पुढच्या क्षणी सागा तिथं आली. हिलेवीच्या स्केटचं पातं तिच्या मांडीत गेलं.

आवाज असा फारसा झालाच नाही. गुनवोरनं गळ्यातला स्कार्फ काढून जखमेवर दाबून धरला. "कुणीतरी गाडी बोलवा!" ती ओरडली. हिलेवी तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. बर्फात लाल रंग किती लांबवर पसरतो, हे तिला माहीत नव्हतं.

सागा बरी झाली. टाके पडले, उन्हाळाभर कुबड्या घेऊन हिंडली आणि शरद ऋतूत पुन्हा बर्फावर आली. क्लबनं सांगितलं, यात दोष कुणाचाच नाही. सागाची आई दुकानात भेटली तेव्हा हिलेवीच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "होतं गं असं." हिलेवी काही न घेताच दुकानातून बाहेर पडली.

त्यानंतर लुट्झ गेली. म्हणजे पायातून गेली नाही, मानेतून गेली. घसरायला सुरुवात केली की हिलेवी मागे बघायची. एकदा, मग पुन्हा, मग अगदी उडायच्या क्षणी. त्या क्षणी खांदा वळला की अंग उघडतं आणि तीन फेऱ्यांची उडी एका फेरीतच विझते.

"मागे कोण आहे?" गुनवोर कठड्यावरून विचारायची. "मांजर आहे का?"

"कुणी नाही."

"मग कुणाला बघतेस?"

हिलेवीला सांगता यायचं नाही. बसमध्ये ती शेवटच्या बाकावर बसू लागली. बेकरीच्या रांगेत उभी राहिली की तिला कडेला सरकावंसं वाटायचं. पप्पा रुने तिला गाडीतून सुन्दस्वालला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जायचा. तिथं तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. येताना रुने हळूच विचारायचा, "काही फरक?"

"हो ना पप्पा," ती म्हणायची, "आता मी मागे बघताना श्वास फार छान घेते."

तो हसायचा आणि रेडिओ लावायचा.

राष्ट्रीय संघातून तिचं नाव गेलं. गुनवोरनं लुट्झ काढून सोप्या उड्या घातल्या. कालपर्यंत तिच्या मागे असलेल्या मुली पुढे गेल्या आणि त्यांत सागाही होती. बुटकी सागा उंच झाली, तिच्या उड्या हलक्या आणि बेफिकीर. ती बर्फावर आली की हिलेवी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायची. कधी लेस, कधी पाणी, कधी पोटात दुखतंय. अशी चार वर्षं गेली.

शेवटी एके दिवशी सागाच कपडे बदलायच्या खोलीत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू मला भूत समजतेस का गं?"

हिलेवीनं लेस बांधायचं सोडून वर बघितलं. "नाही. का?"

"मग मी आले की पळतेस का? माझा रागच येतो मला, उगाच. सगळ्या आधी तुझ्याकडे बघतात, मग माझ्या मांडीकडे." सागानं बाकावर बूड टेकलं. "मला त्यातलं काही आठवतसुद्धा नाही, ठाऊक आहे? हॉस्पिटलमधलं ब्लूबेरीचं सूप आठवतं. भयंकर होतं."

"मी बघितलं होतं मागे," हिलेवी एकदम म्हणाली. आजवर हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "बघितलं होतं, सागा. कुणीच नव्हतं."

"मग? नव्हतेच मी. नंतर आले." सागानं खांदे उडवले. "मूर्खासारखी आले. आता ऊठ. लुट्झ मार. तुझ्या मागे काय आहे ते मी सांगते."

गुनवोरला हे मुळीच पटलं नाही. "एकदा झालं तेवढं पुरे नाही का तुम्हाला?" पण सागा ऐकणाऱ्यांतली नव्हती. ती बर्फाच्या मधोमध उभी राहिली. हिलेवी उलटी घसरू लागली की सागाची नजर कोपऱ्यावर, आणि वाट स्वच्छ असली की ती मोठ्यानं ओरडायची, "मोकळं!"

पहिल्या दिवशी हिलेवीनं तरीही मागे बघितलं. दुसऱ्या दिवशीही. सागा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझा शब्द खोटा वाटतो होय तुला?" नोव्हेंबर संपता संपता एकदा आवाज आला आणि मान जागेवर राहिली. उडी पूर्ण झाली. उतरल्यावर हिलेवीला आनंद झाला नाही; ती वळली आणि कोपऱ्यात खरंच कुणी नाही ना ते बघून आली.

डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा होती. युरोपियन स्पर्धेला स्वीडनची एकच जागा होती आणि ती इथंच ठरणार होती. दोघी एकाच गटात आल्या. सरावाच्या सहा मिनिटांत सहा जणी एकमेकींना चुकवत सुसाट फिरत होत्या. हिलेवी कठडा धरून उभी. गुनवोरनं तिची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली. ती कशीबशी निघाली, वळली, पाठ पुढे केली, आणि मागून ओळखीचा आवाज आला, "मोकळं!" जिच्याशी सामना तिनंच हाक दिली होती. प्रेक्षकांतल्या कुणाला काही कळलं नाही.

पण खऱ्या फेरीत बर्फावर ती एकटी असते. तिथं हाक द्यायला कुणी नाही. त्या घसरणीत आपण मागे बघितलं की नाही हे तिला नंतर आठवेना. व्हिडिओत दिसलं, की बघितलं होतं, ओझरतं. तरी उडी पूर्ण झाली होती. सागा पहिली आली, हिलेवी दुसरी. युरोपला सागा गेली आणि तिनं पहिल्या दहांत नंबर काढला. त्यामुळे पुढच्या वर्षी स्वीडनला दोन जागा मिळाल्या. दुसरी हिलेवीला.

युरोपियन स्पर्धेच्या त्या मोठ्या हॉलमध्ये पहिल्या, छोट्या फेरीसाठी तिचा क्रमांक सुरुवातीलाच आला. लुट्झ तिनं मारली, मात्र पुढच्या उडीला हात बर्फाला टेकला. गुण आले, तेव्हा ती वरच्या काही जणींत होती. पण अजून खूप मुली बाकी होत्या, आणि पुढच्या फेरीत फक्त चोवीस जणी जाणार होत्या.

मग सुरू झालं ते वाट बघणं. मागच्या अरुंद वाटेत एक टीव्ही टांगलेला होता. त्याच्याखाली गुनवोर आणि हिलेवी बसून होत्या. प्रत्येक मुलगी उतरली की हिलेवीचं नाव खाली सरकायचं. अकरावी. पंधरावी. गुनवोरनं पिशवीतून कुरकुरीत पाव काढला, तिला दिला, तिनं तो हातातच चुरडला. विसावी. दुसऱ्यांच्या पडण्याची आपण वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. बाविसावी.

"सांग मला," ती म्हणाली. "मी बघत नाही."

सागा आपली फेरी आटोपून घामाघूम होऊन आली आणि तिच्या शेजारी धपकन बसली. "चोविसावी. एक बाकी आहे."

शेवटची मुलगी फिनलंडची होती, जेमतेम सोळाची. हिलेवीला संगीत ऐकू येत होतं, टाळ्या ऐकू येत होत्या, मग एक धप्प आवाज, आणि हॉलभर "अरेरे". तिचे डोळे आपोआप उघडले. ती पोर उठली, पुढे गेली, हसरा चेहरा ठेवून शेवटपर्यंत नाचली. गुण यायला फार वेळ लागला. आले तेव्हा गुनवोरनं आयुष्यात पहिल्यांदाच हिलेवीच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

"आत आहेस तू," सागा ओरडली. "चोविसावी! अगं, आत आहेस!"

हिलेवी टीव्हीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे," ती म्हणाली, "परवा परत करायचं?"

गुनवोर आधी हसली, मग सागा हसली, आणि मग हिलेवीला रडू आलं. मोठ्या फेरीत ती सगळ्यांत आधी उतरली, एकदा पडली, आणि चोविसावीच राहिली. त्यानंतर दोन हिवाळे ती खेळली. मग कंबर दुखायला लागली आणि तिनं सोडलं. हल्ली ती ओस्टरसुंडला फिजिओथेरपिस्ट आहे. खोलीत टेबल तिनं भिंतीला पाठ टेकेल असं लावलंय. रुग्ण विचारतात, खिडकीकडे तोंड का नाही? ती म्हणते, असंच बरं वाटतं.