लुगड्याच्या काठाचे दहा पट्टे

रविवार, ३१ ऑक्टोबर १९९९. नालासोपारा पश्चिम, आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल. सकाळी दहा.

हजर : मी, महिला मंडळाची चिटणीस. तिसऱ्या मजल्यावरची मालवणची शेजारीण. स्टेशनजवळच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणारे काका. इमारतीमागच्या जुन्या वाडीतली सून, शिवणकाम तिच्याकडे. मंडळाच्या आणखी सहा जणी. उशिरा आलेल्या : त्या सुनेची सासू. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या घड्याळांची पहिली विक्री होती. कल्पना काकांची. त्यांच्या टपरीत बंद पडलेली, लोक परत न्यायला विसरलेली घड्याळं डबाभर साठली होती. यंत्रं चावीची आणि चांगली, वरचं कवच तेवढं गंजलेलं. काकांनी नारळाच्या करवंटीचा तुकडा काचपेपरने घासला, त्यात यंत्र बसवलं, खोबरेल लावलं आणि मला दाखवायला आणलं. मी तिथेच नियम लिहायला बसले. नवीन काही विकत आणायचं नाही. तबकडी केळीच्या वाळलेल्या सोपाची, म्हणजे खोडावरच्या सालीची. बकल जुन्या चपलांचं. पट्टा जुन्या साडीच्या काठाचा, आतून जुन्या छत्रीचं कापड, म्हणजे घाम लागणार नाही. गोंद नाही, फक्त शिवण, म्हणजे पट्टा झिजला की उसवून बदलता येईल.

आणखी एक नियम मी केला. साडी देणाऱ्या बाईचं नाव लिहायचं नाही. जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेताना कुणाला लाज वाटत नाही, पण तीच साडी शेजारणीच्या मनगटावर दिसणं वेगळं. म्हणून वहीत नंबर, रंग, काठाची रुंदी आणि स्थिती, एवढेच रकाने.

"तुमच्या वहीत श्वास घ्यायला रकाना आहे का हो, वहिनी?" शेजारणीने विचारलं होतं.

"आहे. पण तुमचा नंबर लागायचाय," मी म्हटलं.

सतरा नंबरचं लुगडं वाडीतल्या सुनेने आणलं. त्यांचं घर पाडून तिथे इमारत व्हायची होती. सगळं सामान खोक्यांत भरणं चाललं होतं, आणि ट्रंकेच्या तळाशी तिला हे मिळालं. हिरवं नऊवारी, चार बोटं रुंद लालपिवळा काठ, डांबरगोळ्यांचा वास. ती म्हणाली, "कधी नेसलेलं दिसत नाही. चालेल का?"

मी काठ ओढून पाहिला. "चालेल काय, उत्तम. धागा जराही विरलेला नाही."

स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं : न नेसलेलं. वापरून संपलेल्या कपड्याचाच पट्टा करायचा, हा नियम माझाच होता. लिहिताना हात अडखळला नाही. पदराकडचा अडीच मीटर काठ मी स्वतः कापला. त्याचे दहा पट्टे झाले. बाकीचं लुगडं घडी करून माझ्या कपाटात ठेवलं.

विक्रीच्या दिवशी त्या दहांपैकी चार पट्टे आमच्याच हातांवर होते, नमुना म्हणून. पाच टेबलावर. दहावा साडेदहालाच गेला. कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी उतरलेली एक बाई फाटकावरचा कागद वाचून आत आली. उंच, डोक्याला पांढरा रुमाल. तिने सगळी घड्याळं कानाला लावून पाहिली आणि हेच निवडलं. बकल मीच लावून दिलं. पहिली विक्री म्हणून आम्ही टाळ्याही वाजवल्या.

अकराच्या सुमारास आजी, म्हणजे त्या सुनेची सासू, दारात आल्या. भाताच्या पातेल्याचं झाकण कुठल्या खोक्यात भरलंय, ते सुनेला विचारायला. काका म्हणाले, "या आजी, तुमच्या हाताला एक बांधू. वेळेवर जेवाल."

"माझी वेळ माझ्या पोटाला कलते," आजी म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

त्यांनी एक घड्याळ उचललं. पट्टा अंगठ्याने चाचपला, उलटा करून पाहिला. मग मान वर करून आमच्या हातांकडे पाहिलं. माझ्या, शेजारणीच्या, आणखी दोघींच्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"माझं मरन बांधून बसल्यात गो हातावर."

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची थट्टा. शेजारीण हसलीसुद्धा. सून मात्र हसली नाही. "आई, ते ट्रंकेतलं..."

"तेच. भावानं दिल्यालं. माज्यासाठी."

मग एकेक कळत गेलं. त्यांच्या घरात सवाष्ण गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून नेत. वेळ येते तेव्हा माहेरची माणसं ते घेऊन येतात. आजींच्या माहेरी एकच भाऊ उरला होता. त्याला मूल नव्हतं. आपण आधी गेलो तर बहिणीला कोण नेसवणार, म्हणून त्याने स्वतः बाजारात जाऊन ते घेतलं आणि तिच्या हाती दिलं. त्याच वर्षी तो गेला. आजींनी हे फक्त लेकीला सांगितलं होतं. सुनेसमोर आपल्या मरणाचं बोलू नये, असं त्या मानत.

 वहीतला माझाच शब्द समोर आला : न नेसलेलं. ते लुगडं एकदाच नेसायचं होतं, आणि ती वेळ अजून यायची होती.

सून रडायला लागली. काकांनी खुर्ची पुढे केली, आजी बसल्या नाहीत. मी म्हटलं, "आजी, दुसरं आणते. अगदी तस्संच. दादरला मिळेल."

"तू लुगडं आनशील, बाय. मानूस कुठून आनशील?"

मी हातावरचं घड्याळ काढायला गेले तर बकल निघेना. शेजारणीने काढून दिलं.

"परत जोडून दे," आजी म्हणाल्या. "जसा होता तसा."

विक्री तिथेच बंद केली. चार हातांवरच्या आणि पाच टेबलावरच्या, अशा नऊ घड्याळांचे पट्टे काकांनी सोडवले. मी आणि सून खाली सतरंजीवर बसून टाके उसवत राहिलो. गोंद नव्हता म्हणून काठ सुटा झाला. पण प्रत्येक पट्ट्याला काकांनी बकलासाठी पाच भोकं पाडली होती, गोल आणि स्वच्छ, कडेने गरम सुईने बंद केलेली. ती उसवता येत नव्हती. काका प्रत्येक भोकाकडे बघत होते आणि म्हणत होते, "मला काय माहीत, ताई, मला काय माहीत."

तीन दिवसांत मी नऊ तुकडे लुगड्याला जोडले. भोकं लाल धाग्याने रफू केली. आजींनी जमिनीवर पसरून सगळा काठ हाताखालून नेला. प्रत्येक रफूपाशी अंगठा थांबत होता. दहाव्या जागी पोहोचल्यावर थांबल्या. तिथे मी साधी लाल पट्टी लावली होती.

"ह्यो कुनाचा?"

"तात्पुरता, आजी."

"काढ तो. जागा रिकामीच ऱ्हाऊ दे."

मी पट्टी काढली. त्या बाईचं नाव मी लिहिलं नव्हतं. देणाऱ्याचं नाही, तसं घेणाऱ्याचंही नाही. दुसऱ्या दिवशी कळंबला गेले. समुद्राकडच्या सगळ्या कॉटेजमध्ये विचारलं. एका घरची माणसं म्हणाली, अशी बाई होती, दोन रात्री राहून सोमवारी सकाळीच मुंबईला गेली. पत्ता नाही. फक्त मुलुंडकडची असावी, असं बोलण्यावरून वाटलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मंडळाची घड्याळं पुढे पुष्कळ विकली गेली. वहीत आता देणाऱ्याचं नाव, साडी कुणाची, आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारलं का, असे तीन रकाने आहेत. वाडीच्या जागी इमारत उभी आहे. आजी तिच्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. ऐंशी कधीच ओलांडली. त्यांच्या जिन्यात भेटल्या की विचारतात, "गावला का गो?" मी नाही म्हणते. त्या मान हलवतात आणि कठड्याला धरून वर जातात. मागच्या महिन्यात तीन दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा लेकीने लुगडं उन्हात घालून परत घडी केलं. रिकामी जागा तिने मला दाखवली.

कॉटेजवाल्यांकडे तेव्हाची पाहुण्यांची वही असेल का, हे मी कधी विचारलंच नाही. येत्या रविवारी कळंबला जायचं आहे.