पाच नंबरचं कुलूप

“…पाच नंबरवाले या महिन्यात खोली सोडणार म्हणे, डिपॉझिटसुद्धा…”

नानांची सून नळावर एवढं बोलली आणि पाणी आलं! सगळ्या बाया बादल्यांकडे धावल्या आणि पुढचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

असल्या गोष्टी तुझ्याकडेच कशा गोळा होतात, असं आमचे हे नेहमी विचारतात. अहो, बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती. हातभर फट होती. मी चार नंबरात. पाच नंबरात वसंतराव, त्यांची बायको मंदा आणि मुलगी सुनीता. त्यांच्याकडे मिरची परतली की शिंका मला यायच्या. मग बोललेलं ऐकू येणार नाही तर काय!

* * *

नाना म्हणजे आमचे घरमालक. भाताच्या खाचरात भराव घालून त्यांनी कामगारांसाठी दहा खोल्या बांधल्या होत्या. वसंतराव खोली बघायला आले तेव्हा नानांनी पगार विचारला नाही.

“आमी अंगणात सुकी मच्छी घालतो. वास येतो म्हणून भांडाल तर रूम नाय.”

वसंतराव साताऱ्याकडचे, शाकाहारी. पण खोलीची गरज होती. म्हणाले, “छे छे, आम्हाला आवडतो वास!”

नानांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. “हा मानूस येक तर येडा हाय, नायतर खोटा बोलतो. याच्यासाठी शब्द कोन देनार?”

आमचे हे त्यांच्याच कंपनीत. यांनी शब्द दिला आणि खोली मिळाली.

* * *

वेडे नव्हते वसंतराव. भिडस्त होते. कंपनीतल्या एका मित्राने पतपेढीतून मोठं कर्ज काढलं, त्याला हे जामीन राहिले.

मंदा म्हणाली, “घरी एकदा विचारायचं तरी!”

“अगं, नुसती सही तर केली. सहीला काय पैसे पडतात?”

पडले! एका सकाळी मित्र कामावर आलाच नाही. गावी पाठवलेलं पत्र परत आलं. वसंतरावांच्या पगारातून हप्ते कापले जायला लागले. घर चालेना म्हणून त्यांनी बोईसरात एकाकडून व्याजाने पैसे घेतले, आणि ते व्याज भागेना म्हणून त्याच्याकडूनच आणखी घेतले.

त्या माणसाला आम्ही छत्रीवाला म्हणायचो. बारा महिने हातात काळी छत्री. त्याने कधी आवाज चढवला नाही. म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची.

* * *

पगाराची तारीख सात. एका सहा तारखेला मंदाचा आवाज भिंतीवरून आला, “काकू, तुमच्या पेटीचं कुलूप द्याल का?”

तेव्हापासून दर सात तारखेला हेच. वसंतराव कामावरून परस्पर पालघरला जायचे आणि स्टेशनवर बसून राहायचे. मंदा आणि सुनीता खोलीत. मी बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली कनवटीला. बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणी नाही.

पहिल्याच खेपेला छत्रीवाला माझ्या पायरीवर बसला. “भाभी, पानी मिलेगा?”

मी पाणी दिलं. तो तांब्या तोंडाला लावतोय तोच कुलूपबंद खोलीत कुकरची शिट्टी झाली!

“माझा कुकर,” मी म्हटलं.

त्याने पायरीच्या कडेला बघितलं. माझा कुकर घासून तिथे उन्हात पालथा घातलेला होता!

दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. त्याने शांतपणे पाणी संपवलं, छत्री उचलली आणि जाता जाता कुलपाकडे बघून म्हणाला, “भाभी, चावल गल जायेगा.”

* * *

हे सांगून आम्ही पुष्कळ हसलो. पण संडास चाळीच्या टोकाला होता, आणि कुलूप दुपारपासून दिवेलागणीपर्यंत असायचं. सुनीता दहावीला. इतर दिवशी तिचा भूगोल मोठ्याने चालायचा. मलाही नद्या पाठ झाल्या होत्या. सात तारखेला मात्र पान उलटल्याचाही आवाज यायचा नाही.

एकदा मी फटीतून ताकाचा पेला दिला. तिने तसाच परत केला.

“नको काकू. आज काही पीत नाही मी.”

का, ते मला जरा वेळाने कळलं. त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

* * *

तर ती नळावरची बातमी. माझ्या पोटात काही राहत नाही. घरी येऊन भिंतीवरून विचारलंच, “मंदा, गावी वगैरे जाताय का गं?”

“नाही हो काकू! हिची दहावी आहे. आता कुठे हलणार?”

तेव्हा डिपॉझिटचं तिच्या कानावर घालायला हवं होतं. पण म्हटलं, नवराबायकोत आपण कशाला पडा. आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, तेही नको त्या दिवशी!

* * *

चार दिवसांनी सकाळी नाना किल्ली घ्यायला आले. मंदा भाकऱ्या थापत होती.

“अजून सामान नाय बांधलास, ताई?”

“कसलं सामान?”

खोली सोडतो म्हणून वसंतरावांनी नानांना आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं आणि आदल्या दिवशी ते पुन्हा त्यांच्याकडे गेले होते. गावी आई आजारी आहे, उद्या खोली खाली करतो, असं सांगून त्यांनी थकलेलं भाडं वळतं केलं आणि उरलेलं डिपॉझिट घेतलं. रात्रपाळीला म्हणून निघाले, ते परत आलेच नव्हते.

नानांनी कागद पुढे धरला. “ही बग सही.”

मंदाने पिठाचा हात पदराला पुसला. कागद बराच वेळ बघितला. “त्यांचीच आहे,” म्हणाली. तव्यावरची भाकरी जळत होती, ती सुनीताने उलटली.

नळावरची बातमी निम्मीच खरी निघाली. डिपॉझिट गेलं, वसंतराव गेले. पाच नंबरातल्या दोघी तिथेच होत्या.

नाना उंबऱ्यावर बसले. आमच्या यांनी शब्द दिलेला, त्यामुळे हे खाली मान घालून उभे. मग नाना म्हणाले, “जुना भाडेकरू खोली खाली करून गेला. तुला नवी खोली पायजे काय?”

“हो,” मंदा म्हणाली. “मी पॅकिंगला जाईन कंपनीत.”

“भाडं नव्या रेटनं. पन्नास जास्ती. आन् डिपॉझिट?”

नानांनी इकडेतिकडे बघितलं, कडीला लटकत असलेलं कुलूप काढलं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

“हा ऱ्हाऊ दे माज्याकडं.”

कुलूप माझं होतं. मी पेटीला सुतळी बांधली.

* * *

पुढच्या सात तारखेला संध्याकाळी छत्रीवाला आला. पाच नंबरचं दार सताड उघडं! सुनीता उंबऱ्यात बसून मोठमोठ्याने भूगोल वाचत होती. मंदा नुकतीच पॅकिंगवरून आलेली, पायावर पाणी घेत होती.

तो जरा गोंधळलाच. “भाभी, साब किधर है?”

“आम्हीही त्यांनाच शोधतोय,” मंदा म्हणाली. “तुम्हाला आधी सापडले तर इकडे पाठवा. पोरीच्या दहावीच्या फॉर्मवर त्यांची सही राहिलीय.”

छत्रीवाल्याने सुनीताकडे बघितलं. छत्री पायरीला टेकवली.

“फॉर्म की आखरी तारीख कब है?”