तात्यांनी चाखलेला सोया पुलाव

तात्यांनी ताटातला एक तुकडा बोटाने उलटा केला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“हिराबाई, माळ हाय माझ्या गळ्यात. मटण चाखायला बोलावलंस?”

मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत पोरांचं जेवण शिजवते. चौथी शिकले, त्यामुळे पिशव्यांवरचं वाचता येतं. नियम असा, की वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने जेवण चाखायचं आणि रजिस्टरात सही करायची. दोन सह्या नसतील तर वाढायचं नाही. त्या दिवशी पालकांत पाळी तात्यांची होती. त्यांची नात तिसरीत.

नवीन मेनूत सोया पुलाव आला होता. अंडं न खाणाऱ्या पोरांनाही ताकद मिळावी म्हणून, असं ट्रेनिंगला मॅडमनी सांगितलं. सोयाबीनचं तेल काढल्यावर जे पीठ उरतं त्याच्या या वड्या. भिजल्या की फुगतात आणि मटणासारख्या दिसतात. त्यात मी घरचा मसाला घातला. तोच मी रविवारी मटणाला घालते. वास आल्यावर पहिलीची पोरं ताटं वाजवायला लागली.

“शेंगेतलं हाय हे, तात्या.”

“कंच्या शेंगेत असलं असतं गं?”

मी रिकामी पिशवी आणून शाकाहारीचा हिरवा ठिपका दाखवला.

“ठिपका कोन बी काढंल.”

हेडसर बाहेर आले. “तात्या, मी आत्ताच खाल्लं. चांगलं आहे.”

“तुमी कोंबडी बी खाता, सर.”

सर आत गेले.

दुसरं काही शिजवलेलं नव्हतं. साठेक पोरं रांगेत, आणि तात्यांची सही नाही. मी डब्यातल्या कोरड्या वड्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी एक फोडली, हुंगली, दाताखाली धरली. तात्यांच्या दारात तीन म्हशी आहेत.

“ही तर पेंड हाय.”

तेल काढून उरलेला चोथा म्हणजे पेंड, आणि सोयाबीनची पेंड जनावरांना घालतातच. माणूस खोटं बोलत नव्हता.

“त्यापरीस मटण बरं,” तात्या म्हणाले. “माझ्या नातीला ढोरांचं खायला घालतेस?”

“आबा, सही करा ना,” नात रांगेतून म्हणाली. “भूक लागली.”

मी विचारलं, “तुमच्या म्हशी पेंड खाऊनच दूध देतात ना?”

“देतात.”

“ते नात पिते?”

“पिते की.”

“मग म्हशीच्या पोटातून यायची वाट कशाला बघायची? पोरीला सरळ खाऊ द्या.”

तात्या विचार सावकाश करतात. मग त्यांनी ताट ओढलं. एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, भात संपवला.

“रस्सा नाय?”

“पुलावाला रस्सा नसतो.”

त्यांनी सही केली, शेराही लिहिला. पोरं जेवली. पातेल्यात खरवडसुद्धा उरली नाही.

पुढच्या महिन्यात तालुक्याहून साहेब तपासणीला आले. रजिस्टर चाळताना थांबले आणि मोठ्याने वाचलं, “‘पेंड चांगली शिजली आहे. म्हशींना पण अशीच द्यावी.’” मग माझ्याकडे बघितलं. “पोरांना पेंड घालता?”

लेखी खुलासा मागितला. तो पटला नाही तर माझं काम जाणार होतं. सरांनी दोनदा लिहून दिला, दोनदा परत आला. शेवटी मी म्हटलं, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच न्या.

तात्या सरांबरोबर खालापूरला गेले. साहेबांच्या टेबलावर वड्या ठेवल्या आणि म्हशीपासून सगळं समजावलं. सर सांगत होते, एक तास लागला. साहेबांनी त्यांना मध्येच दोनदा चहा दिला, तरी ते थांबेनात. साहेबांनी प्रकरण तिथेच मिटवलं.

माझं काम राहिलं, पुलावही राहिला. चाखणारा खरं बोलणारा असावा, पण त्याला लिहायला जागा कमी द्यावी. आता पालक सही करताना मी शेऱ्याच्या रकान्यावर हात ठेवून उभी राहते.