दुकान कुठं असावं

आमच्या गल्लीत अनोळखी माणूस शिरला की आधी दारं लागत आणि मग खिडक्या किलकिल्या होत. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत सगळी तमिळ मुलखात राहिलेली मराठी घरं. साहेबानं राज्य खालसा केलं तेव्हाही आधी नुसती मोजदाद करणारी माणसंच आली होती, असं म्हातारे सांगत. त्यामुळे कुणी 'घरी माणसं किती' एवढं विचारलं तरी आम्हाला घाम फुटायचा. मी तर जात्याच संशयी. दूधवाला हसला की मी आधी दूध बघायची.

म्हणून मद्रासच्या कापी, म्हणजे कॉफी, कंपनीचा तो माणूस आला, तेव्हा पहिल्या दिवसापासून माझा त्याच्यावर डोळा होता. पांढरं धोतर, वर काळा कोट, काखेत छत्री, बोलणं मऊ तमिळ. काही विकत नव्हता, हेच मला खटकलं. विकत नाही, मागत नाही, समोर बसून काही लिहूनही घेत नाही; नुसता विचारतो. सकाळी काय पिता? पूड घरी करता की बाहेरून आणता? पाहुणे आले तर काय देता? असल्या गोष्टी कुणी फुकट विचारत फिरतं का?

आणि आमच्या घराचं पोट कापीवरच होतं. वडील गेल्यावर आई हिरव्या बिया आणायची, लोखंडी कढईत भाजायची, हातानं फिरवायच्या यंत्रात दळायची आणि गल्लीला पूड विकायची. त्यावर आम्ही दोघी आमच्या घरात मानानं राहत होतो. ते बंद पडलं तर ओरत्तनाडूला मामाकडे जाऊन राहायचं. मागची खोली रिकामी आहे, असा मामानं निरोपही धाडून ठेवला होता. ती खोली मी पाहिली होती. तिथं भाताची पोती आणि मामीची नजर, दोन्ही कायमची असत.

"तुझी गिऱ्हाइकं पळवायला आलाय तो," मी आईला म्हटलं.

आईनं काय करावं? त्याला घरात बसवून पहिल्या पाण्याची कापी दिली. आमच्यात फिल्टरमधली पहिली दाट कापी पाहुण्याला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून काढलेली बाकीच्यांना. त्यानं पेला तोंडाला न लावता वरून ओतून घेतली, डोळे मिटले आणि "फार छान, अम्मा" म्हणाला. आई खूष झाली. मी त्याची छत्री कुठं ठेवलीय ते बघत होते, म्हणजे लवकर हातात देता येईल.

गल्लीतल्या बायका मात्र माझ्याच वळणावर गेल्या. एकीला वाटलं, हा कर बसवायला आलाय. दुसरीला वाटलं, पोलिसांचा माणूस. पण कापीचं नाव निघाल्यावर सगळ्या एकच बोलू लागल्या, "अम्ही कापी पीतच नाही." आईच्या कढईचा वास गल्लीभर दरवळत असताना हे उत्तर! समोरच्या घरातल्या काकी तर आईच्या जिवाभावाच्या. मी त्यांच्याकडे ताक आणायला गेले होते तेव्हाच तो माणूस तिथं आला. काकी हातानं कापीचा पेला पाठीमागं सरकवत त्याला म्हणाल्या, "अम्ही सकाळी कंजीच पितों की, तांदळाची पेज!"

त्यानं शांतपणे मान डोलावली आणि विचारलं, "बरं. कंपनीनं दुकान काढलंच, तर ते कुठं असावं?"

यावर काकींनी क्षणभरही विचार केला नाही. "गल्लीत नको. कोपऱ्यापलीकडं, बाजाराच्या अंगाला. अमच्या दारातून दिसलं नाही पाहिजे."

तो प्रत्येक घरी हे विचारत गेला आणि प्रत्येक घरी हेच उत्तर मिळालं, हे मला बायकांच्याच बोलण्यातून कळलं. मला भरून आलं. आईसाठी सगळी गल्ली त्या दुकानाला लांब ढकलत होती! मी येऊन आईला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुकान निघालं. अगदी तिथंच, कोपऱ्यापलीकडं, बाजाराकडं तोंड करून. दाराला अर्धा पडदा. आणि आईची पूड खपेना.

आई भोळी. ती घरोघर विचारायला गेली, काही चुकलं का, भाजणी करपली का. काकी म्हणाल्या, "तुझ्या पुडीची सर कशाला येती? मला पित्त झालंय, कापीच सोडली." एकीचा नवरा दुधावर आला होता, एकीनं व्रत धरलं होतं. आई येऊन मला एकेकीची दुखणी सांगू लागली. मी चिडले. तोंडं तीच होती, त्या माणसासमोर केलेली. तेवढीच सरळ, तेवढीच गोड.

"शेजाऱ्यांवर संशय घेतीस?" आई ओरडली. पण तिनं त्याच दिवशी माळ्यावरची मोठी पेटी खाली काढायला लावली. मामाकडे काय न्यायचं ते ती मनात ठरवत होती.

एका दुपारी मी भाजीची पिशवी घेऊन बाजारात गेले आणि दुकानासमोरच्या फुलवालीपाशी उभी राहिले. थोड्या वेळानं पडदा हलला आणि आतून काकी बाहेर आल्या. पित्तवाल्या काकी. हातात दुकानातली सगळ्यात लहान पुडी. मला पाहताच त्यांनी ती कमरेला खोचली आणि ओळख नसल्यासारख्या निघून गेल्या. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आत गेले. तो छत्रीवाला तिथंच बसला होता.

"आमच्या घरची कापी प्यालात आणि आमचीच माणसं फोडलीत!" मी म्हटलं.

त्याला राग आला नाही. "मी कुणाला फोडलं नाही, अम्मा. मी फक्त विचारलं. कापीबद्दल सगळ्या खोटं बोलल्या, ते मलाही कळत होतं. पण कापी न पिणाऱ्या बायकांना दुकान कुठं आहे याची एवढी काळजी कशाला? त्यांना पूड हवी होती. घेताना कुणी बघायला नको होतं."

मी आधी त्याच्या बोलण्यावरच संशय घेतला. पण घरी येताना आमच्या तिण्णैवरच्या, ओट्यावरच्या, सकाळी डोळ्यांपुढं येऊ लागल्या. बायका पूड घ्यायला तिथं टेकत आणि आई यंत्र फिरवता फिरवता विचारायची, "आज येवढीच? पावणे गेले काय?" "परवाची संपली पण?" कुणाच्या घरी सुनेला तिसऱ्या पाण्याची कापी मिळते, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. तिच्या मनात काही नसायचं. विचारपूस म्हणजे तिची माया. पण आमच्या गल्लीतली घरं वरून सरदारांची आणि आतून रिकामी झालेली. राजवाड्याकडून मिळायचं ते आटत चाललं होतं. लहान पुडी मागताना त्या बायकांना काय होत असेल, ते मला पहिल्यांदाच कळलं, आणि मला त्यांची कीव आली, रागही आला.

आईला सगळं सांगितलं. "म्हणजे मी त्यांच्या घरात चोरून बघत होते काय की?" ती माझ्यावरच उखडली. मग उठून गार यंत्राची मूठ पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या पुड्या एकसारख्या बांधल्या, लहान लहान, केळीच्या दोऱ्यानं. ज्याला जास्त हवं त्यानं जास्त उचलाव्यात. परडी तिण्णैवर ठेवली, शेजारी पैशाला पितळी तांब्या, आणि दार ओढून घेऊन आत बसली. मला वाटलं, कुणी येणार नाही. मग वाटलं, येतील आणि पैसे न टाकता नेतील. मी फटीतून बघायला गेले तर तिनं माझी वेणी धरून मागं ओढलं.

चोरपावलांनी का होईना, पण बायका आल्या. परडी खसखसायची, तांब्यात नाणं वाजायचं, पावलं निघून जायची. हळूहळू परडी दुपारच्या आत रिकामी होऊ लागली. पेटी परत माळ्यावर गेली आणि खोलीत खुशाल भात भरा, असा मामाला निरोप गेला.

एका सकाळी तिण्णैवर खोकला ऐकू आला. काकींचा. पुडी उचलल्याचा आवाज झाला, नाणं वाजलं, पण पावलं हलली नाहीत. काकी तिथंच उभ्या होत्या. दाराच्या या बाजूला आई, त्या बाजूला काकी, मध्ये एक फळी. पूर्वी याच वेळी दोघी तासभर बोलत बसायच्या.

"खोकला अजून गेला नाही तिचा," आई माझ्या कानाशी पुटपुटली. "सुंठ घेती की नाही, कोण जाणे."

"मग विचार की," मी म्हटलं.

आईनं मान हलवली. बाहेर पावलं हळूहळू दूर गेली.

"विचारलं तर परत यायची नाही," ती म्हणाली, आणि यंत्र फिरवू लागली.