हॉटेलातला भाडेकरू

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या एका जुन्या हवेलीचं आता शांत, महागडं हॉटेल झालंय. एका मासिकानं लेखासाठी माझी तिथं सोय केली. वारशाच्या नावाखाली इथून कोणाला हुसकावलं ते शोधायचंच, असं ठरवून मी गेलो होतो.

सकाळी हवेलीच्या आतल्या चौकात एक म्हातारा दिसला. समोरच्याच नळावर पाणी भरायला निघाला होता, पण त्याआधी त्यानं आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मला संशय आला, पाहुण्यांना जुनं वातावरण दिसावं म्हणून हॉटेलनं हा पगारी माणूस ठेवला असणार.

"काका, इथं कामाला आहात?"

"कामाले? किरायेदार आहे मी. हॉटेलच्या आधीपासून." त्यानं डोळे बारीक केले. "तुमले मालकानं पाठवलं का?"

"नाही हो, मी लिहितो."

"वकीलबी लिहितेच ना, भाऊ."

मग माझ्या लक्षात आलं, हॉटेलला त्याची खोली हवी होती आणि तो सोडत नव्हता. तेवढ्यात वेटर ट्रे घेऊन आला. "दादाजी, आज तो चाय पी लो," तो हसून म्हणाला. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. मी माझा कप उचलला.

"रोज देतात, मग घेत का नाही?"

"चाय पिली तं मी मेहमान झालो. मेहमानाले कधीबी जा म्हणता येते."

नळावर बादली भरून, कुलूप काढून तो खोलीत गेला. कडी लागली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि बसणार तरी कसा? माझ्या हातात हॉटेलचाच चहा होता.