ढगाळ दिवसांतलं वरण

कॉलेजातून घरी आले की मी चपला काढायचे आणि हातपाय न धुताच स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या शेगडीला हात लावायचे. दोन्ही बर्नरवर तळहात टेकवून बघायचे, गार आहेत की कोमट. कोमट लागले तर आईकडे बघायचे. ती म्हणायची, "दूध नासेल म्हणून तापवलं गं." मी ऐकून घ्यायचे आणि एक वाजता बाबा जेवायला आले की त्यांना सांगायचे. मी सतरा वर्षांची होते, सायन्सला होते, आणि हे काम मला मनापासून आवडायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं हे खरं.

काम बाबांनी दिलेलं. ते काचीगुड्याला रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. घर तिथून पायी दहा मिनिटांवर, म्हणून दुपारचं जेवण घरीच. स्वभाव मुळात संशयी. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून बघायचे, बसचा कंडक्टर सुटे देईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. 'विश्वास पानिपतावर गेला' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वर्षी आखातात युद्ध झालं, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, नंबर लावलेला सिलिंडर दोन-दोन महिने येईना. एका रविवारी चहा पिता पिता बाबांनी जाहीर केलं, "हे तेल संपणार. वीस वर्षांत संपणार. जे घर आत्ताच कमी तेलावर जगायला शिकेल तेच टिकेल. बाकीचे रडत बसतील."

नुसतं बोलून थांबणारा माणूस नव्हता तो. महिन्याभरात त्यांनी स्कूटर विकली आणि सायकल घेतली. बेगम बाजारातून कोळशाची शेगडी, कोळशाची इस्त्री आणि दोन कंदील आणले. आणि सरकारी सवलतीत मिळणारी सूर्यचूल आणली. पत्र्याची मोठी पेटी, झाकणाला आतून आरसा, वर जाड काच आणि आत काळ्या रंगाचे चार डबे. ती गच्चीवर ठेवायची, आरसा सूर्याकडे धरायचा, सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. सकाळी नऊला लावलेलं वरण-भात बाराला तयार. गॅस फक्त सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या पोळ्यांना. एक सिलिंडर चार महिने पुरला पाहिजे, असा हुकूम निघाला आणि त्यावर नजर ठेवायला मी.

आई यावर एकच वाक्य बोलली होती. "सूर्य बघायला तुम्ही ऑफिसात आणि आरसा फिरवायला मी गच्चीवर."

आमच्या घरी गॅसचा नंबर लागायला सात वर्षं लागली होती. तोवर आई भुश्याच्या शेगडीवर आणि रॉकेलच्या स्टोव्हवर रांधत होती आणि खोकत होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, छातीला धूर चालायचा नाही. सिलिंडर आला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मला बाबांचं पटायचं, कारण त्यांच्याकडे आकडे होते आणि आईकडे नुसता खोकला.

उन्हाळा झकास गेला. काचीगुड्याच्या गच्चीवर एप्रिलात पेटी नसती तरी भात शिजला असता. मग पावसाळा लागला. पहिल्याच ढगाळ दिवशी वरण कच्चं राहिलं. बाबांनी डाळीचा दाणा दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "आरसा फिरवला नसशील वेळेवर."

"फिरवला हो. पण ऊनच नव्हतं."

"ढगातूनही उष्णता येते. शास्त्र आहे ते. लक्ष नव्हतं तुझं."

दुसऱ्या दिवशीही आभाळ भरलेलंच होतं, आणि वरण मऊसूत शिजलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतर रोज. बाबा खूश. रेडिओवर बाजार खुला केल्याच्या बातम्या चालल्या होत्या. बाबा म्हणायचे, "आता दारोदार स्कूटरी येतील, मोटारी येतील. म्हणजे तेल आणखी लवकर संपेल. पण आपलं काही अडणार नाही. आपण ढगातसुद्धा शिजवतो."

माझ्या डोक्यात मात्र संशयाचं भूत शिरलं. शेगडी रोज गार. रॉकेलचा वास नाही. कोळशाचं पोतं होतं तसंच. मग वरण शिजतं कशावर? एका दुपारी पाऊस नुकताच थांबला होता. आई डबे उतरवत असताना मी गच्चीवर गेले आणि माझ्या सवयीप्रमाणे हात लावला. पेटीची काच बर्फासारखी गार होती. आतला डबा हातात धरवत नव्हता. मी आईकडे पाहिलं. तिनं डबा फडक्यात गुंडाळला आणि जिना उतरली.

मला आधी पुरावा हवा होता. पण त्याच रात्री बाबांनी एक कागद वाचून दाखवला. गॅसचं कनेक्शन परत करण्याचा अर्ज. "सिलिंडर तीन महिने झाले, अजून हलवला तर डचमळतो. दुपारचं सूर्यावर होतंच. रात्रीच्या पोळ्या कोळशावर करायच्या. ज्याची सवय सोडायचीच आहे ती घरात ठेवायची कशाला?"

आईचा पोळी उलटणारा हात थांबला. "पावसाळा तरी सरू द्या."

"पावसाळ्यातच तर सिद्ध झालं," बाबा म्हणाले. अर्ज सोमवारी द्यायचा ठरला.

शनिवारी मी कॉलेज बुडवलं. समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. साडेनऊला आई पिशवी घेऊन निघाली. मी मागं मागं. ती बाजाराकडे वळली नाही, स्टेशनच्या मागच्या गल्लीत शिरली. तिथं एक जुनी बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. दिवाळीत आम्ही नानकटाई थापून तिथंच भाजायला न्यायचो, मोहरमच्या दिवसांत मुसलमान बायका आपले रोट आणायच्या. तेवढं सोडलं तर आईनं कधी तिथला पावही घरात आणला नव्हता. तिथं अंडी वापरतात म्हणून.

ती बाजूच्या दाराशी उभी होती. सकाळचे पाव निघून गेले होते. बेकरीच्या म्हाताऱ्या मालकानं, सगळे त्याला चाचा म्हणत, तिचे दोन काळे डबे लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवून भट्टीत सरकवले.

"आज लकडे गीले थे अम्मा, भट्टी नरम है. थोडा जास्ती ठैरना पडता."

"ठैरती मैं. कच्चा रहा तो साब सूरज कू नै, मेरेकू बोलते."

चाचा हसला. "घर में गॅस है ना? कायकू इत्ता परेशान होते?"

"है ना," आई म्हणाली. "उसके उपर पहारा बैठा है."

मी भिंतीआड होते. तिथल्या तिथं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण मला फक्त एवढंच वाटलं, सापडली.

एक वाजता बाबा पाटावर बसले, पहिला घास तोंडात गेला आणि मी सगळं सांगून टाकलं. भट्टी, फावडं, चाचा. पहारा तेवढा गाळला.

बाबांचा हात ताटातच राहिला. "खरं?"

"हौ," आई म्हणाली.

"रोज?"

"ढग असले की रोज. पाव निघाल्यावर भट्टी तशीच तापलेली असते. डबे आणून तुमच्या पेटीत ठेवायची, तुमच्या समाधानासाठी."

"मला सांगायचं नाही का?"

"पहिल्या दिवशी सांगितलं. लक्ष नव्हतं माझं म्हणालात." आई एरवी बाबांसमोर आवाज चढवायची नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण खोकला मध्ये आला तरी ती थांबली नाही. "गॅसवर करावं तर ही लगेच चुगली करणार. मग मी जायचं कुठं? तुमचं तेल वीस वर्षांनी संपायचंय. संपू द्या. माझी छाती काय तोवर वाट बघत बसणार आहे? सायकल तुम्ही घेतलीत, ती तुम्ही चालवता. कोळसा आणलात, तो कोण फुंकणार? गॅस मी देणार नाही."

बाबा ताट संपवून उठले. त्यांनी अर्ज खिशातून काढला, तो फाडला नाही, कपाटातल्या जुन्या नकाशांखाली ठेवून दिला. संध्याकाळी ते एकटेच बेकरीवर जाऊन आले. आमचं सांगणं खरं की खोटं हे बघायलाच गेले असणार. परत आल्यावर म्हणाले, "भट्टी चार-चार तास नुसती तापलेली पडून असते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे फार झालं.

सोमवारी मी कॉलेजातून आले. चपला काढल्या आणि पाय सवयीनं स्वयंपाकघरात गेले. हात शेगडीवर टेकला आणि चटका बसून मी तो मागं घेतला.

आई विळीवर कांदा चिरत बसली होती. "गरम आहे ना?" ती म्हणाली. "वरण केलंय गॅसवर. सांग बाबांना आल्यावर."

तिनं विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. अंगठ्याच्या मुळाशी काळे पडलेले जुने डाग होते, बोटांच्या पेरांवर फुटलेले फोड आणि एक कालपरवाचा, अजून पाणी भरलेला. याच हातांनी ती मला रोज वाढत होती.

"रोज शेगडीला हात लावून बघतेस," ती म्हणाली. "आता इथं लाव."

मी हात पुढं केला. पण लावायचा धीर झाला नाही.