तीर्थंकरांसमोरचं पंचशील

संग्रहालयातल्या तीर्थंकरांच्या मूर्तीला बुद्ध समजून मी होणाऱ्या सासरच्या सात माणसांकडून त्रिसरण-पंचशील म्हणवून घेतलं होतं.

परवा लेकीला घेऊन तिथेच गेलो आणि दालनातल्या थंड दगडाचा वास नाकात शिरताच तो रविवार आठवला. वरळीच्या चाळीतून सुजाताच्या घरचे सगळे आले होते. लग्नाला तिच्या बाबांचा होकार अजून यायचा होता, म्हणून मी इतिहासतज्ज्ञाच्या थाटात पुढे चालत होतो. ध्यानस्थ मूर्ती दिसली आणि मला कोण आनंद झाला! पाटीबिटी न वाचता हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली. मागोमाग सगळे म्हणू लागले. अख्खं दालन घुमलं!

संपल्यावर सुजाता कानाशी पुटपुटली, “अरे येड्या, छातीवरची खूण बघ. हे तीर्थंकर आहेत.”

मी घाईघाईने पाटी वाचली. बाबांनी मूर्ती आधीच ओळखली होती, पण माझा हिरमोड होऊ नये म्हणून ते शेवटपर्यंत हात जोडून उभे राहिले, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र सुजाताचं पुटपुटणं नुकतंच ऐकल्यासारखे ते सगळ्यांसमोर म्हणाले, “मुलगी देतो. पण लग्नात हात जोडायच्या आधी समोर कोण आहे, ते तिला विचार.”